लठ्ठ उमरावाची दहा मतं?

इंग्लंडचा १६७९ चा हेबियस कॉर्पस कायदा (अटकेतल्या माणसाला न्यायालयापुढे आणायला लावणारा) मतमोजणीतल्या थट्टेमुळे संमत झाला, असं आजही सांगतात: लॉर्ड ग्रे यांनी एका लठ्ठ उमरावाला दहा जण धरलं आणि सोबतचे मोजणीदार लॉर्ड नॉरिस यांच्या ते लक्षातच आलं नाही! ही गोष्ट बिशप बर्नेट यांच्या मरणोत्तर छापलेल्या इतिहासातली. लॉर्ड्सच्या, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, कामकाजवहीत मतं ५७ विरुद्ध ५५, हजेरी मात्र १०७, हे खरं. पण कारकुनाच्या यादीतून सदस्य सुटूही शकत. मुख्य म्हणजे ते मतदान विधेयकावर नव्हतंच. लॉर्ड्सनी ते दुरुस्त्यांसह आधीच मंजूर केलं होतं. आता प्रश्न होता कॉमन्सशी, म्हणजे खालच्या सभागृहाशी, पुन्हा चर्चा करायची का, एवढाच. अर्थात चर्चा नाकारली असती तर विधेयक बुडालं असतं, कारण राजाने त्याच दिवशी, २७ मे रोजी, अधिवेशन संपवलं.