लाइन

लाइन (स्त्रीलिंगी, अनेकवचन लाइनी, वऱ्हाडी बोलीत लायनी) हा इंग्रजीतून येऊन मराठीत पक्का रुळलेला शब्द. विदर्भातल्या खेड्यात तो दिवसभर कानावर पडतो. "लाइन आली काय?" हे विजेबद्दल, "लायनीत या" हे रेशनच्या दुकानात, "पोरगा कोण्या लायनीले गेला?" हे शिक्षणाबद्दल. वीज, रांग आणि सायन्स-आर्ट्स यांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. तरी हे सारे अर्थ एकाच धाग्याला बांधलेले आहेत, आणि तो धागा जवसाचा आहे.

व्युत्पत्ती : लॅटिन भाषेत 'लीनुम' म्हणजे जवस. त्याच्या सालीतल्या वाखाचा धागा किंवा दोरा तो 'लीनेआ'. ताणलेला दोरा सरळ असतो, म्हणून 'लीनेआ'चा अर्थ सरळ रेघ असाही झाला. इंग्रजीत हा शब्द दोन वाटांनी पोहोचला. जुन्या इंग्रजीत दोर या अर्थाचा एक शब्द आधीपासून होता. पुढे फ्रेंचमधून रेघ, ओळ या अर्थाचा 'लिन्य' आला आणि दोन्ही मिसळून आजचा 'लाइन' झाला. लिनन कापड, लिनोलियम (जवसाच्या तेलापासून केलेले जमिनीवरचे आच्छादन) आणि लायनिंग हे याच कुळातले. कपड्याला आतून लिननचे अस्तर लावत, म्हणून अस्तर ते लायनिंग. कालव्याच्या आतल्या काँक्रीटच्या थरालाही तेच नाव मिळाले.

हाच प्रवास मराठीने स्वतःच्या धाग्यावरून केला आहे. संस्कृत 'सूत्र' म्हणजे धागा. त्यावरून कापसाचे सूत आले आणि नियम सांगणारे सूत्रही आले. भिंत 'सुतात' असते, वाकड्यात शिरलेला माणूस 'सुतासारखा सरळ' होतो. 'लायनीवर आला' म्हणताना आपण जुनीच कल्पना नव्या शब्दात सांगतो.

जवस : शास्त्रीय नाव लायनम युसिटॅटिसिमम, दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'अत्यंत उपयोगी'. विदर्भात हे रब्बीचे, बहुधा ओलिताशिवाय भारी काळ्या जमिनीतल्या ओलाव्यावर येणारे पीक. निळी फुले सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळतात, त्यामुळे दुपारी धुऱ्यावरून जाणाऱ्याला बहर कळतच नाही. इथले वाण तेलाचे आहेत. झाड बुटके आणि फांद्यांचे असते, म्हणून त्याचा वाख तुटक निघतो. धाग्याच्या जवसाला उंच, वरच्या टोकालाच फुटणारे खोड लागते आणि पेरणीही दाट करतात. ते कापत नाहीत, मुळासकट उपटतात. मग अंबाडीसारखेच पाण्यात कुजवतात. लवकर काढले तर साल काडीला चिकटून राहते, जास्त दिवस ठेवले तर वाखच कुजून तुटतो. अंबाडीचा वाख काढलेल्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

गवंड्याची लाइनदोरी : शब्दाचा मूळ अर्थ आजही जसाच्या तसा वापरात आहे तो इथे. पायवा खोदण्याआधी 'लाइनआउट' देतात. खुंट्या ठोकून दोरी ताणायची, कोपऱ्यापासून एका दोरीवर 3 फूट आणि दुसरीवर 4 फूट खूण करायची. दोन खुणांमधले अंतर बरोबर 5 फूट भरले की कोपरा काटकोनात आहे. खोली मोठी असेल तर 6, 8 आणि 10 फूट घ्यावे, चूक कमी होते. शेवटी दोन्ही कर्ण मोजून सारखे आले, तरच चुना टाकावा. विटांच्या थराला दोरी लावताना वीट दोरीला टेकू देऊ नये, कागदाएवढी फट ठेवावी. एक वीट टेकली की ती दोरी बाहेर ढकलते, पुढच्या विटा त्या ढकललेल्या दोरीला धरून बसतात आणि भिंतीला पोट येते. लांब भिंतीत दोरी मध्ये झोळते. तिथे मधेच एक वीट योग्य पातळीवर बसवून आधार द्यावा लागतो.

विजेची लाइन : खेड्यात सर्वांत जास्त चालणारा अर्थ. तारही लाइन, तारेतला पुरवठाही लाइन, आणि खांबावर चढणारा लाइनमन. 11 केव्हीची (11 हजार व्होल्टची) लाइन डीपीपर्यंत, म्हणजे गावाजवळच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत येते. तिथून पुढे एलटी (कमी दाबाची) लाइन घराला आणि विहिरीवर जाते. कृषिपंपाला तिन्ही फेज लागतात. 'एक फेज गेला' की मोटर फिरायला न लागता नुसती गुंगते. आधीच चालू असेल तर उरलेल्या दोन फेजवर जास्त प्रवाह ओढते, वाइंडिंग तापते आणि जळते. कंडेन्सर लावून दोन फेजवर पंप चालवण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. पीक वाळत असताना माणूस ते का करतो हे समजण्यासारखे आहे, पण मोटरचे आयुष्य त्यात नक्की घटते. दुसरा घोळ ऑटो स्विचचा. लाइन परत आली की एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेते, म्हणून डीपीचा फ्यूज उडतो आणि आलेली लाइन पुन्हा जाते. प्रत्येकाने टायमर लावून सुरू होण्याची वेळ थोडी पुढे-मागे ठेवली तर हे टळते.

रेल्वे आणि वस्ती : रुळांची ती लाइन. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही 'शकुंतला' 762 मिमी रुंदीच्या नॅरोगेजवर, कापूस वाहण्यासाठी बांधली गेली. 1994 मध्ये तिचे वाफेचे इंजिन जाऊन डिझेल आले. अशा मार्गाला लोक 'छोटी लाइन' म्हणत. नागपूरचे सिव्हिल लाइन्स किंवा जिल्ह्याच्या गावची पोलीस लाइन यांतला अर्थ इंग्रजांच्या छावणीतून आला आहे: सैनिकांच्या एका ओळीत बांधलेल्या घरांना तिथे 'लाइन्स' म्हणत.

शेतात मात्र लाइन या शब्दाला फारशी जागा मिळाली नाही. पेरलेल्या ओळीला तास, निंदणाऱ्या बाईच्या वाट्याला आलेली पात, दोन्ही बाजूंनी डवरा (बैलाने ओढायचे कोळपे) चालावा म्हणून केलेली चौफुली. हे शब्द नेमके आहेत आणि टिकायला हवेत.

डेडलाइन : शेवटच्या मुदतीसाठी पीक विम्याच्या दिवसांत खेड्यातही ऐकू येणारा शब्द. 1864 मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात अँडरसनव्हिलच्या कैदी तळावर कुंपणाच्या आत एक कठडा होता. तो ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. ती डेडलाइन.

ठिबकातली लाइन : विहिरीपासून मेनलाइन, तिच्यापासून सबमेन, आणि झाडांपर्यंत बहुधा 16 मिमीच्या लॅटरल, त्यांना नळ्याच म्हणतात. कपाशीत 'इनलाइन' नळी वापरतात, तिच्यात ड्रीपर कारखान्यातच आत बसवलेले असतात. वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याला 'ऑनलाइन' सोयीची पडते: नळीला भोक पाडून ड्रीपर बाहेरून खोचतात, झाड वाढले की आणखी खोचता येतात. भोक पाडायच्या पंचाने नळीची पलीकडची बाजूही टोचली गेली तर तिथून पाणी फुटते आणि टोकाच्या झाडाला दाब पुरत नाही. क्षारांच्या पाण्यात ड्रीपरच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. तो आम्लप्रक्रियेने काढावा लागतो, आणि त्यानंतर नळ्यांची टोके उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवावी लागतात. त्यामुळे संत्र्याच्या गावात "ऑनलाइन केलं काय?" या प्रश्नाला दोन अर्थ आहेत, तो सातबाऱ्याबद्दल आहे की ड्रीपरबद्दल, हे विचारणाऱ्याच्या हातात पंच आहे की मोबाइल, यावरून कळते.