वर्गातल्या गप्पांचं मानसशास्त्र

दुपारच्या डब्यातला छोटा सॉसेज, खालून चिरून ऑक्टोपससारखा केलेला, शाळकरी युकोच्या हातून निसटतो. घटना एवढीच. पण ‘निचिजो’ या ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकेत तो खाली येईपर्यंत काळ ताणला जातो, युको जिवाच्या आकांताने त्याच्यामागे झेपावते आणि पडद्यावर युद्धपटातल्या शेवटच्या लढाईचा थाट उभा राहतो. क्योटो ॲनिमेशन या स्टुडिओने २०११ मध्ये केलेल्या या २६ भागांच्या मालिकेत दुसऱ्या एका प्रसंगी मुख्याध्यापक चक्क हरणाशी कुस्ती खेळतात. युको ते खिडकीतून बघते आणि तिला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसत नाही.

यात कष्ट किती आहेत ते बघा. चित्रपटासारखीच ॲनिमेतही सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) लागतात. सगळ्या हाताने काढायच्या म्हटलं तर टीव्हीचं वेळापत्रक कोलमडेल, म्हणून एकच चित्र दोन किंवा तीन चौकटी टिकवतात आणि बारकाईने रेखाटलेली हालचाल मोठ्या प्रसंगांसाठी राखून ठेवतात. दिग्दर्शक तात्सुया इशिहारा यांच्या चमूने ती पुंजी सॉसेजवर आणि हरणावर उधळली. इतक्या क्षुल्लक गोष्टीला इतकी मेहनत लावल्यावर जी विसंगती तयार होते, तीच आपल्याला खदखदून हसवते.

विनोदाचा अभ्यास करणारे पीटर मॅग्रॉ आणि कॅलेब वॉरन यांनी २०१० मध्ये मांडलेला सिद्धांत इथे चपखल बसतो. मनातला एखादा नियम मोडला जातो आणि त्याच क्षणी ‘यात धोका काही नाही’ हेही जाणवतं, तेव्हा हसू येतं. नियम मोडलाच नाही तर कंटाळा, धोका खरा वाटला तर भीती किंवा राग. शाळेच्या रोजच्या जगण्यावरच्या विनोदी मालिकांची कमाल मला या दुसऱ्या अटीत दिसते. तेच बाक, तोच वर्ग, त्याच तीन मैत्रिणी, आणि काहीही झालं तरी उद्या पुन्हा शाळा भरणारच ही खात्री. ‘यात काहीच घडत नाही’ ही नेहमीची तक्रार मला म्हणूनच पटत नाही. ते साधेपण नीट रचलेलं नसतं, तर हरीण आल्यावर आपण नुसतेच गोंधळलो असतो.

हसण्याचा दुसरा धागा मैत्रीत आहे. अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी मॉल, रस्ते आणि विद्यापीठाच्या आवारात लोक नेमके कधी हसतात याची नोंद केली. हसण्याआधीची बहुतेक वाक्यं विनोदी नव्हतीच! ‘बघ, तो आला’, ‘चल, भेटू’ असल्या साध्या बोलण्यावर माणसं हसत होती. एकट्यापेक्षा सोबतीत हसण्याची शक्यता सुमारे ३० पट जास्त, असंही त्यांना आढळलं. हसणं हे आधी सोबतीचं लक्षण, विनोदाचं नंतर. हे कळलं की ‘के-ऑन!’ ही २००९ ची मालिका इतकी का आवडते ते उलगडतं. नाओको यामादा यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेत हायस्कूलच्या मुलींचा बँड आहे, पण शाळेतल्या त्यांच्या संगीत क्लबच्या खोलीत गिटारपेक्षा चहाचे कप जास्त वेळ हातात असतात. त्यांच्यातली मुगी केक आणते, गप्पा रंगतात, आणि नंतर आलेली धाकटी आझुसा ‘सराव कधी करायचा?’ म्हणून वैतागते. त्या गप्पांत फोडून सांगण्याजोगा विनोद क्वचितच असतो, तरी आपण त्यांच्याबरोबर हसत असतो.

ही सोबत मनापर्यंत पोचते का? जे डेरिक, शिरा गॅब्रिएल आणि कर्ट ह्यूगनबर्ग यांनी २००९ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. जवळच्या माणसाशी झालेलं भांडण आठवायला लावलं, की मनःस्थिती बिघडते आणि स्वतःबद्दलचं मत खालावतं. पण आपल्या आवडत्या मालिकेबद्दल विचार करून लिहिणाऱ्यांना या घसरणीपासून बराच बचाव मिळाला. हा परिणाम तात्पुरता मोजलेला आहे आणि त्यावरून मालिका म्हणजे मैत्रीला पर्याय असं म्हणता येत नाही. तरीही परक्या शहरात एकट्याने खोली घेऊन राहणाऱ्या मुलामुलींना रात्री असा एक भाग लावावासा वाटतो, त्याला ‘टाइमपास’ म्हणून उडवून लावू नये असं मला मनापासून वाटतं.

यासाठी हायस्कूलच का? जपानमध्ये ही शाळा तीन वर्षांची, साधारण १५ ते १८ वयाची. एप्रिलमध्ये वर्ष सुरू होतं, उन्हाळ्यात सुट्टी, शरदात शाळेचा सांस्कृतिक महोत्सव, थंडीत विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षा. वेगळं कथानक न रचताही ऋतुचक्र गोष्ट पुढे नेतं. शिवाय हा काळ आठवणींच्या दृष्टीने खास असतो. मध्यमवयीन माणसांना आयुष्यातले प्रसंग आठवायला सांगितले, तर साधारण १० ते ३० या वयातले प्रसंग प्रमाणाबाहेर जास्त येतात, हे स्मृतीच्या अभ्यासात वारंवार दिसलं आहे.

या रचनेत शेवटही ठरलेला असतो. ‘अझुमांगा दाइओ’ या अशाच शालेय ॲनिमेमधल्या मुली तीन वर्षं पूर्ण करून शाळेबाहेर पडतात, ‘के-ऑन!’च्या दुसऱ्या पर्वात चार थोरल्या मुली निरोप घेतात आणि आझुसा मागे राहते. तिथे कित्येक प्रेक्षक खरोखर रडतात. इस्राएलमधले संशोधक जोनाथन कोहेन यांनी २००४ मध्ये प्रेक्षकांना विचारलं होतं, की आवडतं पात्र पडद्यावरून कायमचं गेलं तर काय वाटेल. उत्तरांत दिसलेलं दुःख खरं नातं तुटण्यासारखंच होतं, फक्त सौम्य. आणि खऱ्या नात्यांत ज्यांना समोरचा सोडून जाईल अशी सतत धास्ती असते, त्यांना ते सगळ्यात जास्त वाटणार होतं.