किबलवर मांस की किबलऐवजी मांस?

कुत्र्याच्या भांड्यात डोकावलं तर दोन्हींत फरक दिसत नाही. खाली किबल, म्हणजे पाकिटात मिळणारे कोरडे दाणे, वर उकडलेल्या चिकनचे तुकडे. तरी एका भांड्यातलं मांस ही जोड असते आणि दुसऱ्यातलं बदली. जोड दिली की दाणे हेच जेवण राहतं, मांस चवीपुरतं. बदली केली की जेवणाचा बराच भाग दाण्यांकडून काढून मांसावर सोपवला जातो. जोड सहज जमते. बदली करायची तर दाणे जे जे पुरवत होते ते सगळं दुसरीकडून भरून काढावं लागतं, आणि नुसत्या मांसाने ते भरून निघत नाही. बहुतेक घरांत सुरुवात जोडीने होते आणि काही महिन्यांत, कोणाच्याही लक्षात न येता, तिची बदली झालेली असते.

सीमारेषा ठरते कॅलरींवर. संतुलित नसलेल्या वरच्या खाण्यातून, म्हणजे मांस, बिस्किटं, चघळायच्या कांड्या हे सगळं मिळून, दिवसाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त कॅलरी येऊ नयेत, असं पशुआहारात साधारण मानलं जातं. १० किलो वजनाचा, नसबंदी झालेला प्रौढ कुत्रा घ्या. त्याची विश्रांतीतली ऊर्जेची गरज ७० गुणिले वजनाचा ०.७५ वा घात, म्हणजे सुमारे ३९४ किलोकॅलरी. अशा कुत्र्यासाठी तिला १.६ ने गुणलं की रोजची गरज जवळपास ६३० येते. हा अंदाज आहे. सुस्त कुत्र्याला कमी लागेल, धावणाऱ्याला जास्त. दाण्यांच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ३६० किलोकॅलरी लिहिलं असेल, तर नुसत्या दाण्यांवर त्याला दिवसाला १७५ ग्रॅम लागतात.

आता जोड. ६३० चे १० टक्के ६३. कातडी नसलेल्या, शिजवलेल्या चिकनच्या छातीच्या मांसात १०० ग्रॅमला सुमारे १६५ किलोकॅलरी असतात. म्हणजे ३८ ग्रॅम. तेवढं घालायचं आणि दाण्यांतून १७-१८ ग्रॅम काढून घ्यायचे. हाच हिशेब ५ किलोच्या कुत्र्याला २२-२३ ग्रॅम मांस देतो आणि २५ किलोच्या कुत्र्याला ७५ ग्रॅमच्या आसपास. आकडे बघून अनेकांना हे फारच थोडं वाटतं. पण जोड एवढीच असते, आणि दिवसभरात बिस्किटंही देत असाल तर त्याहूनही कमी.

दाणे काढून न घेणं ही सगळ्यात नेहमीची चूक. मापाचे दाणे तसेच ठेवून वर ३८ ग्रॅम चिकन रोज पडलं, तर रोज १० टक्के जास्त अन्न जातं. पोषण बिघडत नाही, पण कुत्रा हळूहळू सुटतो. दर १५ दिवसांनी वजन करा आणि बरगड्यांवरून हात फिरवा. हलक्या दाबाने बरगड्या लागायला हव्यात आणि वरून पाहिलं तर कंबर दिसायला हवी.

दुसरी चूक वजनकाट्यावर होते. कच्चं मांस शिजताना पाणी सोडतं. १०० ग्रॅम कच्च्या छातीचं शिजून साधारण ७० ते ७५ ग्रॅम उरतं. त्यामुळे कच्च्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १२० किलोकॅलरी, तर शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये १६५. आकडा ज्या रूपाचा घेतला, त्याच रूपात तोला. चरबीदार खिमा असेल तर हिशेब आणखी बदलतो. २० टक्के चरबीच्या खिम्यात १०० ग्रॅमला २५० किलोकॅलरींच्या आसपास असतात, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याची जोड जेमतेम २५ ग्रॅमवर येते.

पण १० टक्केच का? मांस वाईट म्हणून नव्हे. मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतं आणि फॉस्फरस भरपूर असतो. शिजलेल्या १०० ग्रॅम छातीत कॅल्शियम १५ मिलिग्रॅमच्या आसपास, फॉस्फरस २२५ च्या आसपास. कुत्र्याच्या आहारात कॅल्शियम फॉस्फरसइतकं किंवा त्याहून जास्त, दुपटीपर्यंत, असावं लागतं. वरच्याच कुत्र्याच्या दाण्यांत १.२ टक्के कॅल्शियम आणि १ टक्का फॉस्फरस आहे असं धरू. नुसत्या दाण्यांवर प्रमाण १.२ ला १. दहा टक्के कॅलरी चिकनकडून आल्या की ते १.१४ ला १ होतं, काहीच बिघडत नाही. २५ टक्क्यांवर १.०४, म्हणजे अगदी काठावर. निम्म्या कॅलरी चिकनच्या झाल्या की ०.८ ला १. प्रमाण उलटलं.

उलटलेलं प्रमाण दीर्घकाळ राहिलं आणि कॅल्शियम कमी पडू लागलं, की रक्तातली पातळी टिकवण्यासाठी शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं. नुसत्या मांसावर वाढवलेल्या पिल्लांत हा आजार ठळक दिसतो: लंगडणं, पाय वाकणं, साध्या उडीनेही हाड मोडणं. प्रौढ कुत्र्यात तो सावकाश चालतो, आणि म्हणूनच फसवतो. केस चकचकीत, भूक उत्तम, मालक खूश, आणि आत हाडं झिजत असतात.

बदलीत फक्त कॅल्शियम कमी पडतं असंही नाही. चिकनच्या मांसात जस्त, तांबं, मँगनीज, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व कुत्र्याच्या गरजेच्या मानाने कमी असतात. शिजलेल्या १०० ग्रॅम मांसामागे पाऊण ग्रॅम बारीक दळलेली अंड्याची टरफलं घातली तर कॅल्शियमचं प्रमाण सावरतं, पण बाकीची यादी तशीच राहते. कलेजी घातली की तांबं आणि अ जीवनसत्त्व येतं, मात्र अ जीवनसत्त्व इतकं की रोज मोठा तुकडा दिला तर तेच बाधतं. म्हणून खरी बदली करायची असेल तर पशुपोषणातल्या तज्ज्ञाकडून त्या कुत्र्यापुरती पाककृती करून घ्यावी आणि ग्रॅममध्ये पाळावी.

बदली करताना मापाचाही घोळ होतो. ‘निम्मं दाणे, निम्मं चिकन’ असं वजनाने केलं तर १७५ ग्रॅमच्या भांड्यात ४६० च्या आतच किलोकॅलरी बसतात. कुत्रा पोट भरून जेवतो आणि तरी वाळतो, कारण मांसात पाणी असतं आणि दाण्यांत जेमतेम १० टक्के.

याच पाण्यामुळे पाकिटावरची प्रथिनंही फसवतात. दाण्यांवर २६ टक्के लिहिलेलं असतं, कच्च्या चिकनमध्ये २२, म्हणजे दाणे वरचढ वाटतात. पाणी वगळून पाहिलं तर दाणे २९, चिकन ८८. यावरून काही जण उलट टोक गाठतात आणि प्रथिनांसाठी मांस वाढवत नेतात. निरोगी प्रौढ कुत्र्याला ‘संपूर्ण आहार’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, म्हणजे सगळी पोषणद्रव्यं असलेल्या दाण्यांतून प्रथिनं पुरतात. जोडीचा खरा उपयोग चव, वास आणि थोडा ओलावा.

भांड्याचा मोठा भाग ओला आणि मांसल हवा असेल, तर एक सोपी वाट आहे: संपूर्ण आहार म्हणून विकलं जाणारं डब्यातलं ओलं खाद्य. ते दाण्यांसोबत कोणत्याही प्रमाणात चालतं, कॅलरी जुळवल्या की झालं. फक्त लेबल नीट वाचा. शेजारीच ठेवलेल्या, तशाच दिसणाऱ्या डब्यावर ‘पूरक’ लिहिलेलं असतं. त्यात नुसतं मांस आणि रस्सा असतो, आणि त्याला १० टक्क्यांचाच नियम.

जोडीचं मांस शिजवूनच द्यावं, असं आमचं मत. कच्च्या मांसात साल्मोनेला, लिस्टेरिया हे जंतू असू शकतात. कुत्र्याला काही झालं नाही तरी ते त्याच्या तोंडातून, विष्ठेतून आणि भांड्यातून घरातल्या लहान मुलांपर्यंत पोहोचतात. फ्रीजरमध्ये ठेवून हे जंतू मरत नाहीत, फक्त थांबतात. तुकड्याच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सियस गाठलं की पुरे. मीठ, मसाला, तेल नको. कांदा-लसूण तर अजिबात नको, त्यांनी तांबड्या रक्तपेशी फुटतात. कांदा घालून उकळलेला रस्साही त्यात आला. कातडी आणि सुटी चरबी काढा, एकदम जास्त चरबी गेली तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. शिजलेलं हाड देऊ नका, ते टोकदार चिरफळ्यांत फुटतं.

उकडलेलं पाणी फेकू नका. गार करून वरची चरबी काढली की ते दाण्यांवर घालायला उत्तम, शिवाय मांसातून पाण्यात उतरलेलं टॉरिन हे पोषणद्रव्यही परत मिळतं. शिजलेलं मांस फ्रीजमध्ये ३ ते ४ दिवस टिकतं. जास्त केलं असेल तर एका वेळेच्या मापाच्या पुड्या करून गोठवा आणि फ्रीजमध्येच वितळू द्या. ओले झालेले दाणे दिवसभर भांड्यात ठेवू नका, दोन तासांत उचला.

दाणे आणि मांस वेगवेगळ्या वेगाने पचतात म्हणून एकत्र देऊ नयेत, हे पुष्कळदा ऐकू येतं. त्याला भक्कम आधार नाही. पोट बिघडतं ते बहुधा एकदम जास्त दिल्याने. पहिले दोन दिवस एक चमचा, मग आठवड्याभरात ठरलेल्या मापापर्यंत. शी पातळ झाली तर एक पायरी मागे या.

जोडीची बदली होते ती कुत्र्याच्या हट्टाने. तो चिकन वेचून खातो, दाणे ठेवतो. मालकाला वाईट वाटतं, चिकन थोडं वाढतं, दाणे थोडे घटतात. तुकडे ठेवूच नका. मांस बारीक चुरा, कोमट रश्श्यात कालवा आणि प्रत्येक दाण्याला लागेल असं ढवळा. वीस मिनिटांत खाल्लं नाही तर उचला, पुढच्या वेळी माप तेच ठेवा. मात्र नेहमी नीट जेवणारा कुत्रा अचानक दाणे सोडत असेल तर तो हट्ट नसेल. दात, हिरड्या, पोट तपासून घ्या.

पिल्लांना, त्यातही मोठ्या जातीच्या पिल्लांना, घरगुती बदली करूच नका आणि जोडही प्रौढाच्या निम्मीच ठेवा. मनाने कॅल्शियमची पावडरही घालू नका. लहान पिल्लाचं आतडं जास्तीचं कॅल्शियम अडवू शकत नाही, त्यामुळे कमी जितकं वाईट तितकंच जास्तही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या कुत्र्याला फॉस्फरस मोजून दिलेला असतो, तिथे पशुवैद्याला विचारल्याशिवाय जोड नाही. आणि ॲलर्जी शोधण्यासाठी एकाच ठरावीक आहाराची चाचणी चालू असेल, तर तिचे किमान आठ आठवडे पुरे होईपर्यंत चिकनचा एक तुकडाही नको. तेवढ्याने चाचणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करावी लागू शकते.