अमायलॉइड : चुकून पडलेलं नाव

मुंबईतल्या लॅबमधून येणाऱ्या बायोप्सीच्या रिपोर्टात कधीतरी 'अमायलॉइड' हा शब्द भेटतो. अर्थ 'पिष्टासारखा'. शाळेत बटाट्याच्या कापावर आयोडीन टाकून निळा रंग पाहिलेला असतो ना, १८५४ साली रुडॉल्फ फिरखो या जर्मन डॉक्टरने तेच मेंदूतल्या सूक्ष्म कणांवर करून पाहिलं. रंग निळसर आला आणि बारसं उरकलं. पाचच वर्षांनी फ्रीडराइश आणि केकुले (बेन्झीनच्या कड्याचा केकुले तो हाच) यांनी अशा साठ्यांत पिष्ट नाही, नायट्रोजन भरपूर आहे, म्हणजे हे प्रथिन, असं दाखवलं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

प्रथिनाचा असा अमायलॉइड गोळा का होतो, याचं उत्तर शंभर वर्षं अडून राहिलं, कारण प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, आणि तिची नीट घडी कशी पडते हेच ठाऊक नव्हतं. गाडीवरच्या भुर्जीतलं अंडं काही पुन्हा कच्चं होत नाही, त्यातल्या प्रथिनांची मोडलेली घडी परत येत नाही. पण अमेरिकन शास्त्रज्ञ ख्रिश्चन अन्फिन्सन यांनी १२४ अमिनो आम्लांचं रायबोन्यूक्लिएज (आरएनए तोडणारं प्रथिन) युरियात उलगडलं, आतले गंधकाचे टाकेही तोडले. युरिया काढल्यावर रेणू आपणहून पूर्ववत घडी घालून कामाला लागला. घडीचा आराखडा साखळीतल्या क्रमातच असतो, हे त्यातून ठरलं. १९७२ चं नोबेल त्यासाठीच. साखळी कुठे वळू शकते आणि कुठे नाही, याचा नकाशा त्याआधी, १९६३ मध्ये, मद्रासला जी. एन. रामचंद्रन यांच्या गटाने काढला होता.

मग आजारांचे धागे जुळू लागले. १९०६ साली अल्झायमर यांनी वर्णन केलेल्या मेंदूतल्या डागांमधलं अमायलॉइड प्रथिन १९८० च्या दशकात ओळखू आलं. जंतूशिवाय नुसतं प्रथिनच रोग पसरवतं, हे अमेरिकन शास्त्रज्ञ स्टॅनली प्रुसिनर १९८२ मध्ये म्हणाले तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. बिघडलेल्या घडीचं असं प्रथिन शेजारच्या चांगल्यालाही बिघडवतं, हे पुढे उमगलं. १९९७ मध्ये त्यांनाही नोबेल मिळालं.

पवईच्या आयआयटीत समीर माजी यांचा गट पार्किन्सनशी जोडलेल्या अल्फा-सिन्युक्लिनवर काम करतो. हे प्रथिन आधी द्रवाच्या थेंबांत गोळा होतं, थेंब हळूहळू घट्ट होतात आणि त्यांतून तंतू उगवतात, असं त्यांनी २०२० मध्ये दाखवलं. माजी यांच्याच २००९ च्या संशोधनात तर पिट्युटरी ग्रंथीतली काही संप्रेरकं निरोगी शरीरातही अमायलॉइडसारखी रचून साठवलेली आढळली होती.