रुथेनियम रेड: संत्र्याच्या सालीपासून तिखटाच्या चॅनलपर्यंत

सावजीची तर्री खाल्ली की जिभेला आग लागल्यासारखं होतं ना, तेव्हा जीभ खरंच भाजलेली नसते, मिरचीतलं कॅप्सेसिन नसांच्या टोकावरचं टीआरपीव्ही1 नावाचं आयन चॅनल, म्हणजे भार असलेले कण आत सोडणारं प्रथिनाचं दार, उघडतं, त्यातून सोडियम-कॅल्शियम आत शिरतं आणि मेंदूला चटका बसल्याचा निरोप जातो. भिवापुरी मिरची असो की दुसरी कुठली, प्रकार हाच. हे चॅनल बाहेरून बंद करता येतं ते रुथेनियम रेड नावाच्या लाल रंगद्रव्यानं, आणि गंमत म्हणजे हा पदार्थ मुळात चॅनलसाठी बनवलेलाच नव्हता.

रुथेनियम धातू कार्ल क्लाउस यांनी 1844 मध्ये काझानला वेगळा केला, नाव दिलं रशियाच्या लॅटिन नावावरून. पुढे 1892 मध्ये फ्रान्सच्या जोली यांनी अमोनियासोबत त्याचं हे गडद लाल संयुग बनवलं आणि वर्षभरातच मांजाँ यांनी दाखवलं की वनस्पतीच्या पेशीभित्तिकेतलं पेक्टिन नावाचं चिकट द्रव्य हा रंग धरतं. आपल्याकडे करून बघायला संत्र्याच्या सालीचा आतला पांढरा भाग घ्यायचा, ब्लेडनं पातळ काप काढायचा, रंगाचा थेंब टाकायचा. पेक्टिनवर ऋण भार, रंगाच्या रेणूवर +6 म्हणजे धन भार, म्हणून चिकटतो. रेणूत तीन रुथेनियम, मध्ये दोन ऑक्सिजनचे पूल, बाजूला 14 अमोनिया. चॅनलच्या तोंडाशीही ऋण भाराचे अमिनो आम्ल असतात, तेव्हा संत्र्याला चिकटणारा भार तिथेही कामी येतो, मला तर ही जोडणीच सगळ्यात सुंदर वाटते.

1971 मध्ये मूर यांनी दाखवलं की मायटोकॉन्ड्रियाचं, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाचं, कॅल्शियम आत घेणं रुथेनियम रेडनं थांबतं, आणि मग वर्षानुवर्षं सगळे हेच वापरत राहिले. पण बाजारातली बाटली कधीच शुद्ध नसायची, आणि 1991 मध्ये कळलं की मायटोकॉन्ड्रियाचं ते काम मुख्यतः सोबतची अशुद्धीच करत होती, दोन रुथेनियमवाली, 360 नॅनोमीटरला प्रकाश शोषणारी, म्हणून नाव आरयू360. म्हणजे लाल रंग बघून डोस ठरवणारे भलतंच मोजत होते! मायटोकॉन्ड्रियात कॅल्शियम आत घेणाऱ्या ज्या चॅनलवर हे सगळं चाललं त्याचं जीन तर 2011 मध्ये सापडलं. टीआरपीव्ही1 चं जीन मात्र 1997 मध्येच डेव्हिड ज्युलियस यांच्या लॅबनं शोधलं होतं, त्यांना 2021 चं नोबेल मिळालं.

म्हणून लॅबमधल्या नवीन पोरापोरींना मी कळकळीनं सांगतो, बाटलीवरचा शुद्धतेचा आकडा आधी वाचा, वजनावर विसंबू नका, द्रावण ताजं बनवा, गाळा आणि 533 नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण मोजून खरी कॉन्सन्ट्रेशन काढा. जुनं द्रावण हवेनं बदलतं, रंग तपकिरीकडे झुकला की टाकून द्या. आपल्या मे महिन्यात लॅबमध्ये 40 च्या वर पारा असतो तेव्हा पावडर टेबलावर राहू देऊ नका, घट्ट झाकण लावून कोरड्या थंड जागी ठेवा. आणखी एक, हा एकाच चॅनलचा नाही, स्नायूतलं रायनोडीन रिसेप्टर नावाचं कॅल्शियम सोडणारं चॅनलही अडवतो, त्यामुळे नुसत्या याच्या भरवशावर निष्कर्ष काढला तर फसायला होतं. हातमोजे घाला, कपड्यावर पडला तर डाग जात नाही, आणि उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका, धातूच्या टाकाऊच्या वेगळ्या बाटलीत जमवा.