वाद्यकेबल, कवचित (घरगुती बांधणी)

विद्युत् गिटार, बेंजो किंवा पिकअप (तारांच्या कंपनांचे विद्युत् संकेतांत रूपांतर करणारे साधन) बसवलेली सतार ध्वनिवर्धकाला जोडणारी, मधल्या तारेभोवती तांब्याच्या जाळीचे कवच असलेली केबल. ऑर्केस्ट्रातले आणि भजनी मंडळांतले वादक ती वापरतात व काही जण घरीच बांधतात. शिल्डेड वायर मीटरवर, पी-३८ (६.३५ मिमी. व्यासाच्या) पिना नगावर मिळतात.

कवचाच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. समाक्ष (कोअॅक्सियल) केबलचे श्रेय अनेकदा एस्पेनशीड व अफेल या अमेरिकी अभियंत्यांना दिले जाते (अमेरिकी एकस्व म्हणजे पेटंट, १९३१). इंग्रज विद्युत्-शास्त्रज्ञ ऑलिव्हर हेविसाइड यांचे ब्रिटिश एकस्व मात्र १८८० चे असून त्यांचा रोख शेजारच्या तारांचा उपद्रव टाळण्यावर होता. वाद्यकेबलचे मूळ तेथे शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. ६.३५ मिमी. व्यासाची पिन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील टेलिफोन स्विचबोर्डावरून आलेली आहे.

केबलचा कपॅसिटन्स (विद्युत् भार साठवण्याची क्षमता) मीटरला साधारण १०० पिकोफॅरड असतो. पिकअपच्या गुंडाळीचा इंडक्टन्स (प्रवाहातील बदलाला होणारा विरोध) २.५ हेन्री धरल्यास अनुनाद (ज्या कंप्रतेला दोहोंचा मिळून प्रतिसाद सर्वाधिक असतो ती) ३ मी. केबलला सु. ५.८, तर ६ मी. केबलला सु. ४.१ किलोहर्ट्‌झवर येतो. त्यापुढचे स्वर झपाट्याने क्षीण होतात, म्हणून लांब केबलवर गिटार ‘बसकी’ वाजते.

बांधणीत खरी मेख काळ्या थराची. चांगल्या केबलीत जाळीखाली कार्बनयुक्त प्लास्टिकचा थर असतो. केबल हलताना घर्षणाने साचणारा विद्युत् भार तो जाळीकडे वाहून नेतो. सीसीटीव्हीच्या केबलीत तो नसतो, म्हणून ती स्वस्त पडली तरी पाय लागताच कडकडते. डाख देण्यापूर्वी हा थर जाळीच्या टोकापासून ३-४ मिमी. मागे सोलावा लागतो. तो मधल्या तारेला टेकला, तर आवाज दबतो. मल्टिमीटरची शिटी मात्र वाजत नाही, कारण हा रोध पुष्कळदा हजारो ओहमचा असतो. म्हणून दोन्ही पिना मोकळ्या ठेवून टोक व दांडा यांमधील रोध मोठ्या पट्टीवर मोजतात. सुट्या केबलीत तो अनंत दिसला पाहिजे. डाखकाम ६०/४० कथिल-शिशाने, २५ वॅटच्या डाख-इस्त्रीने (सोल्डरिंग आयर्नने) होते.

तांब्याची जाळी वीजपुरवठ्याचे ५० हर्ट्‌झचे चुंबकीय क्षेत्र अडवत नाही. गणेशोत्सवाच्या मंडपात ट्रान्सफॉर्मरशेजारी बसलेल्या गिटारवादकाच्या वाद्यातली घरघर केबल बदलून जात नाही. वादकालाच हलवावे लागते.