पक्ष्यांचा वास घेणारे पिल्लू कसे घडते?

सोलापूरच्या उत्तरेकडे, नान्नजच्या माळावर सकाळी चालताना तितरांची जोडी अगदी पायाखालून उठल्यासारखी भर्रकन उडते. तोपर्यंत तिथे पक्षी आहे याची माणसाला गंधवार्ताही नसते. वाऱ्याच्या योग्य बाजूला असलेले पॉइंटर जातीचे कुत्रे मात्र कितीतरी पावले आधीच थबकते, पुढचा एक पाय उचलून, शेपटी ताठ करून पक्ष्याच्या दिशेने नाक रोखते. ही ओढ त्याला वारशाने मिळालेली असते, ती फुलते की विझते हे बव्हंशी पहिल्या तीन-चार महिन्यांत ठरते, आणि शिस्त तेवढी सावकाश शिकवता येते. आपल्याकडचे हौशी मालक बहुधा हा क्रम उलटा करतात.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार तितर-लाव्यांची शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे बंदुकीचा विषय इथे सोडून दिलेला बरा. पण या नाकाचा उपयोग शिकारीपुरता कधीच नव्हता. न्यूझीलंडमध्ये १८९० च्या दशकात रिचर्ड हेन्री यांनी मुसके बांधलेल्या कुत्र्याच्या मदतीने काकापो आणि किवी हे न उडणारे पक्षी शोधून रेझोल्यूशन बेटावर हलवले होते, आणि त्या देशात संरक्षणाच्या कामासाठी आजही असे कुत्रे तयार केले जातात.

लांडग्याच्या शिकारीत हेरणे, दबा धरणे, पाठलाग, पकड आणि मारणे अशी एक साखळी असते. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून या साखळीतील वेगवेगळे दुवे ठळक केले. आपल्या भागातील कारवान आणि पश्मी हे डोळ्यांनी हेरून धावणारे कुत्रे असल्याने त्यांच्यात पाठलागाचा दुवा बळकट आहे. पॉइंटरमध्ये झडप घालण्याआधीचा क्षण जणू लांबवला गेला आहे. म्हणून पश्मीच्या पिल्लाकडून पॉइंटरसारखे थबकण्याची अपेक्षा करणे हा त्या पिल्लावर अन्याय आहे.

पिल्लाचे डोळे साधारण दोन आठवड्यांनी उघडतात आणि कान त्यानंतर लवकरच काम करू लागतात. तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ सर्वांत संवेदनशील असतो. अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर यांनी पाच जातींच्या पिल्लांवर केलेल्या दीर्घ अभ्यासातून हे स्पष्ट झाले. तिथल्याच एका प्रयोगात पहिले चौदा आठवडे माणसाच्या सहवासाविना वाढलेली पिल्ले पुढे माणसापासून रानटी जनावरासारखी दूर पळत राहिली. या काळात गवत, चिखल, पाण्याचा पाट, ट्रॅक्टरचा आवाज आणि अनोळखी माणसे यांची ओळख हळूहळू व्हावी. लसीकरण पूर्ण झालेले नसते, त्यामुळे भटक्या कुत्र्यांचा वावर असलेल्या जागा टाळून पिल्लाला कडेवर घेऊन हिंडवावे, पण पशुवैद्याचा सल्ला घेऊनच. मोठ्या आवाजाचा सराव तर नेहमी दुरून आणि पिल्लू खाण्यात किंवा खेळण्यात रमलेले असतानाच करावा. अंगणात अचानक फुटलेला एक लक्ष्मी तोटा कुत्र्याला जन्मभर बुजवू शकतो.

काठीला दोरी आणि दोरीला पंख बांधून पिल्लासमोर नाचवण्याचा खेळ जगभर प्रचलित आहे. पिल्लू थबकते, मालक खूश होतो. पण हा खेळ फार केला तर पिल्लू नाकाऐवजी डोळ्यांवर विसंबू लागते. त्यापेक्षा पाळीव कबुतराची गळलेली पिसे गवतात लपवावीत आणि पिल्लाला वाऱ्याला आडवे चालवावे. गंधाच्या झोतात शिरताच त्याचे डोके झटक्यात वळते, पावले आखडतात, नाकपुड्या भराभर हलू लागतात. त्या क्षणी मालकाने एक अक्षरही बोलू नये. पिसे सापडणे हेच पिल्लाचे बक्षीस असते. कोंबडीची पिसे टाळावीत, कारण पुढची भांडणे शेजारच्या खुराड्यापर्यंत जातात.

हुंगताना कुत्रा सेकंदाला सुमारे पाच वेळा हवा आत ओढतो. आत आलेल्या हवेचा एक भाग श्वासाच्या मुख्य मार्गापासून वेगळा होऊन नाकाच्या मागच्या, गंधपेशींनी भरलेल्या पोकळीत जातो; बाहेर पडणारी हवा नाकपुड्यांच्या बाजूच्या फटींतून निसटते, त्यामुळे समोरचा ताजा गंध उधळला जात नाही. मात्र कुत्रा अंगातील उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर टाकतो आणि धापा टाकताना हुंगणे अवघड होते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सराव उजाडताच करून ऊन चढण्यापूर्वी थांबवावा. दुपारी न सापडलेल्या पिसांसाठी पिल्लाला बोल लावण्यात अर्थ नाही.

'थांब' आणि 'ये' हे हुकूम लहानपणी खाऊ देऊन, खेळत शिकवावेत. पक्षी उडाला तरी जागेवर उभे राहण्याची कडक शिस्त सहा महिन्यांनंतरच. आधीच दटावले तर पिल्लू पक्ष्याच्या गंधाचा संबंध शिक्षेशी जोडते आणि त्याची ओढ कायमची बोथट होते.

जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांनीही आपापले उपाय शोधले आहेत. नॉट या किनारी पक्ष्यासह काही पक्ष्यांत अंडी उबवण्याच्या काळात पिसांना लावण्याच्या मेणाची रासायनिक घडण बदलते, आणि हे बदललेले मेण हुंगून शोधणे शिकवलेल्या कुत्र्यालाही जड गेल्याचे नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखवले आहे. तरीही हा बचाव पुरेसा नाही. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते आणि मोकाट कुत्रे हा तिच्या घरट्याला असलेला एक ज्ञात धोका आहे. म्हणून उन्हाळ्यापासून पावसाळा सरेपर्यंत पिल्लाला माळावर मोकळे सोडू नये; सराव नांगरलेल्या किंवा पीक निघालेल्या स्वतःच्या शेतात, लांब दोरी बांधूनच करावा.